ठकीच्या खोलीतला उकाडा

बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि आमची चार वर्षांची ठकी नुसत्या चड्डीवर घामाने निथळतेय, हे दृश्य मी ह्या हिवाळ्यात रोज पाहिलं. पाठीवर घामोळं आलं होतं हो तिच्या! ऐन हिवाळ्यात घामोळं! डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं, की जसा काही मीच पोरीला रोज भट्टीपाशी बसवून आणतो. "घरात फार उकडतं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सगळ्यात जास्त तिच्या खोलीत." ते "अस्सं" म्हणाले. ह्या 'अस्सं'चा अर्थ मला चांगला कळतो, कारण ऑफिसात मीही दिवसभर तेच म्हणत असतो.

मी विमा कंपनीत दावे तपासतो. कुणाची गाडी ठोकली, कुणाचं दुकान जळलं, कुणाच्या छतातून पाणी गळून कुणाचा पियानो भिजला, की ते प्रकरण माझ्या टेबलावर येतं आणि मी "अस्सं" म्हणतो. उद्या लोक खरं बोलायला लागले तर माझी नोकरी जाईल. माझा संशयी स्वभाव हा ह्या पेशाचा परिणाम आहे असं माझं म्हणणं. हिचं म्हणणं असं, की स्वभाव आधीपासूनच होता, पेशा त्याला साजेसा मिळाला.

तर उकाडा. आम्ही ह्या घरात आलो ते पानगळीच्या सुमाराला. इमारत जुनी. तळघरात एक अवाढव्य बॉयलर आहे. तो पाणी तापवतो, ते पाणी नळ्यांतून घरोघर चढतं आणि खोल्याखोल्यांतल्या लोखंडी हीटरमधून फिरून परत खाली जातं. आपल्या हातात काही नाही. ठकीच्या खोलीतल्या हीटरला तो कमीजास्त करायची एक चावी होती, पण आजवरच्या सगळ्या भाडेकरूंनी तिच्यावर रंगाचे इतके हात मारले होते, की चावी आहे हे आकारावरून ओळखायचं. मी पक्कड लावून जोर केला. पक्कड फिरली, माझं मनगट फिरलं, चावी जागची हलली नाही.

बरं, घर पसंत केलेलं मी. ही पहिल्या दिवसापासून "जुनं आहे हो फार" म्हणत होती आणि मी छाती काढून "पोरीला स्वतंत्र खोली मिळतेय" म्हणत होतो. मिळाली ना स्वतंत्र खोली. स्वतंत्र घामोळंही मिळालं.

त्यात मेव्हणीबाई. हिची मोठी बहीण गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, नव्याकोऱ्या इमारतीत राहते. तिच्याकडे खोलीगणिक वेगळा खटका. ती फोनवर म्हणाली, "हिवाळा संपेपर्यंत ठकीला माझ्याकडे ठेव. इथे बालवाडीही कोपऱ्यावर आहे." आणि ही चक्क "विचार करते" म्हणाली! संध्याकाळी घरी आल्यावर मी गोष्ट कुणाला सांगायची? हीटरला? शिवाय मेव्हणीबाईंना स्वतःचं मूल नाही, माया अफाट, आणि घरात खाऊचं वेगळं कपाट आहे. तिथे रमलेलं पोर परत ह्या भट्टीत कशाला येईल? मी हिला म्हटलं, "महिनाअखेरपर्यंत थांब. खोली गार करून दाखवतो."

"आणि नाही झाली तर?"

"तर ने तिला," मी म्हणून गेलो. पुरुषाने अशा वेळी तोंड आवरावं.

पहिला फोन केला उष्णता पुरवठा कार्यालयाला. "घर थंड असल्यास एक दाबा," आतली बाई म्हणाली. "घर फार थंड असल्यास दोन दाबा." एवढं बोलून ती संपली. मी दोन दाबलं. जिवंत माणूस बोलायला आल्यावर म्हटलं, "आमचं घर फार गरम आहे."

"बरं मग? तक्रार काय आहे?"

"हीच."

"साहेब, गरम असल्याची तक्रार घ्यायची आमच्याकडे सोयच नाही. मी 'थंड' म्हणून नोंदवतो. माणूस आला की त्याला उलटं सांगा."

माणूस आला तेव्हा मी ऑफिसात. ही रोज सकाळी ठकीच्या खोलीची खिडकी सताड उघडून ठेवायची, जरा वारा खेळावा म्हणून. तो नेमका तेव्हाच उगवला, खिडकीजवळ थर्मामीटर धरला, "खरंच गारठा आहे हो पोरीच्या खोलीत" म्हणाला आणि हिचं एक अक्षर ऐकून न घेता तळघरात जाऊन बॉयलर एका खुणेने वाढवून गेला. संध्याकाळी मला जिन्यातच कोट काढावा लागला. आता मला सांगा, हा माणूस बरोबर खिडकी उघडली असतानाच कसा येतो? कुणी सांगितलं त्याला? मी त्या माणसावर डोळा ठेवायचं ठरवलं. तो परत आलाच नाही ही गोष्ट वेगळी, पण ठरवलं.

मग शेजारधर्म सुरू झाला. आमच्या समोरच्या दारात एक शिंपीणबाई राहतात. तोंडात टाचण्या धरून त्या सल्ले देतात, त्यामुळे त्यांना वाद घालता येत नाही आणि आपल्यालाही. त्या म्हणाल्या, "ओली चादर टांगा खिडकीपाशी. खाली बर्फाचं घमेलं ठेवा." खिडकीशेजारी भिंतीत एक जुनी खुंटी होती, अंगठ्याएवढी, रंगात पार बुजलेली. मी चादर भिजवून, पिळून, त्या खुंटीला टांगली. खाली घमेलं. काय सांगू, अर्धा तास खोली स्वर्ग झाली! ठकी टाळ्या वाजवायला लागली. मग नळ्यांत गुडगुड झाली आणि हीटर असा काही तापला, की चादर पापडासारखी कडक. मी दुसरी भिजवली. हीटर आणखी तापला. मी तिसरी, त्याने वाफ काढली. जितकी मी खोली गार करावी तितका तो पेटून उठायचा. लोखंडी वस्तूलाही मत्सर असतो असं मी तोवर ऐकलं नव्हतं.

लवकरच कळलं, की हे दुखणं आमच्या एकट्याचं नाही. सगळी इमारतच भाजून निघत होती. दुसऱ्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना. पेशंट भीतीने घामाघूम झालाय की उकाड्याने, हेच त्यांना कळेना. शिंपीणबाईंच्या हातून सुई निसटायची. आमच्या बरोबर खाली राहणारे निवृत्त बँडमास्तर जिन्यात भेटले आणि म्हणाले, "इतकी वर्षं राहतोय इथे, असं कधी झालं नाही. यंदाच काय झालंय कोण जाणे."

'यंदाच' हा शब्द मी नेमका पकडला. दावे तपासून तपासून कान तयार झालेत. यंदा ह्या इमारतीत नवीन असं काय आलं, ह्याच्यावर मी दोन दिवस डोकं खाजवलं. काही सुचलं नाही.

डॉक्टरीणबाई इमारतीच्या समितीच्या अध्यक्ष. त्यांनी कार्यालयातल्या कुणाचा तरी दात काढताना माहिती काढली आणि सभा बोलावली. "आपल्या इमारतीत एक सेन्सर आहे," त्या म्हणाल्या. "त्याला गार लागलं की बॉयलर जोरात पेटतो. त्याला ऊब लागली की मंद होतो. तो कुणाच्या तरी घरात बसवलाय. कुणाच्या, ते कार्यालयाला माहीत नाही. बसवणारा माणूस केव्हाच निवृत्त झाला."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अहाहा! ह्या क्षणासाठीच माझा जन्म होता. मी उभा राहिलो. "म्हणजे," मी म्हटलं, "इथे बसलेल्यांपैकी कुणीतरी त्या सेन्सरला मुद्दाम गार ठेवतंय! आणि तो माणूस आत्ता साळसूदपणे माझं बोलणं ऐकतोय!" शिंपीणबाईंच्या तोंडातली टाचणी पडली. मी म्हटलं, "आजपासून कुणाच्याही सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही. रडून सांगितलं तरी नाही. आणि ज्या खोलीत तो सेन्सर सापडेल, त्या खोलीला समितीचं कुलूप. ती खोली कुणीही वापरायची नाही." ठराव एकमताने पास झाला. मी तर दोन्ही हात वर केले. तपासणीचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

मी घरोघर गेलो. कपाटं सरकवली, पडदे झटकले, डॉक्टरीणबाईंच्या माठाएवढ्या फुलदाणीत हात घालून बघितला. माझं स्वतःचं घर तपासायचा प्रश्नच नव्हता. तपासनीसाचं घर कधी कुणी तपासतं का? आणि खरं सांगायचं तर माझा संशय पहिल्यापासून एकाच ठिकाणी घुटमळत होता. बँडमास्तर! अहो, आम्ही बनियनवर फिरतोय आणि हा माणूस त्या उकाड्यात गळ्याला मफलर गुंडाळून! ऊब कुणाला हवी असते? मफलरवाल्याला!

त्यांच्याकडे मी मुद्दाम शेवटी गेलो. "मफलर?" ते म्हणाले. "सवय हो. जन्मभर मैदानात उभं राहून बिगुल वाजवलंय, गळा जपावा लागतो. बसा, चहा टाकतो." ते आत गेले आणि मी कामाला लागलो. कपाटामागे हात घातला तो काय, वायर! बारीक, भिंतीला चिकटलेली, रंगवलेली. माझ्या अंगावर आनंदाने काटा आला. सापडला! मी वायरीमागोमाग सरकत गेलो. कपाटामागून कोपऱ्यात, कोपऱ्यातून खिडकीपाशी, खिडकीपासून सरळ वर, आणि छतात गडप. मी स्टुलावर चढून छताला हात लावला. छताच्या वर काय असतं? वरचा मजला. वरच्या मजल्यावर, ह्याच खिडकीच्या वर, कुणाची खिडकी येते? हा विचार पुढे जाऊ नये म्हणून मी फार प्रयत्न केला हो.

"काही सापडलं का?" मास्तर कप घेऊन आले.

"छे छे! काही नाही," मी म्हटलं आणि उकळता चहा एका घोटात प्यायलो. जीभ पोळली. बरं झालं पोळली.

घरी येऊन खुंटीवरची ओली चादर काढली. चाकूने रंग खरवडला. जमिनीतून बारीक वायर निघून थेट खुंटीच्या पोटात शिरली होती आणि खुंटीला चाळणीसारखी भोकं होती. ही दारात उभी राहून बघत होती. "म्हणजे अहो, ह्या अख्ख्या इमारतीला घाम फोडणारे तुम्ही?"

"आपण," मी म्हटलं. "खिडकी तू उघडायचीस."

ती इतकी हसली की जमिनीवर बसली. मग एकदम उठली. "आणि ते कुलूप?" ती म्हणाली. ठकी पलंगाखाली बाहुलीशी खेळत होती. तिची खोली, तिचा पलंग, तिचं टेबल, आणि कुलपाचा ठराव तिच्या बापाचा. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि न बोलताच ठरलं, की बोलायचं नाही.

खिडकी बंद केली, चादर वाळत घातली मोरीत. दुसऱ्या दिवशी हीटर कोमट. त्याच्या दुसऱ्या दिवशी ठकी स्वतःहून पांघरूण मागायला लागली. पांघरूण! मला तर गहिवरून आलं. घामोळं गेलं, मेव्हणीबाईंना "तूर्त नको" कळवलं गेलं. मी मुदतीच्या आत खोली गार करून दाखवली होती. फक्त कशी, ते सांगायची सोय नव्हती.

पण इमारत काय गप्प बसते? लोकांनी सरळ हिशोब मांडला. तपासनीस बँडमास्तरांकडे गेले आणि लगेच उकाडा गेला. म्हणजे म्हातारा घाबरला! शिंपीणबाईंनी त्यांचा कोट न शिवताच परत केला. डॉक्टरीणबाई जिन्यात त्यांना बघून पर्समध्ये काहीतरी शोधायला लागायच्या. एकदा मास्तरांनी मला गाठलं. "साहेब, तुम्ही तर माझं घर कानाकोपरा बघितलंत. तुम्ही सांगा ना ह्या लोकांना."

"बघू," मी म्हटलं. त्या 'बघू'ची मला अजून लाज वाटते.

आधी ठकी जिन्यात दिसली की मास्तर मूठ तोंडाशी धरून बिगुल वाजवायचे आणि ती धावत सुटायची. त्या दिवशी ते मान खाली घालून बाजूने निघून गेले. ठकीने माझा हात ओढला. "बाबा, आजोबा आपल्यावर रागावले?" मी म्हटलं, "नाही गं." ती म्हणाली, "मग तुम्ही का घाबरलात?" दिवसभर ऑफिसात एकाही दाव्यावर मला "अस्सं" म्हणता आलं नाही.

पुढची सभा भरली ती मास्तरांच्या खिडकीकडच्या खोलीला कुलूप लावायला. सेन्सर सापडला नसला तरी तो तिथेच असणार, असं सगळ्यांचं ठाम मत. मास्तर भिंतीपाशी एकटेच उभे होते. डॉक्टरीणबाईंनी हात वर करायला सांगितले आणि मी उठलो.

"सेन्सर माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "ठकीच्या खोलीत. ओल्या चादरी मी टांगत होतो."

शिंपीणबाईंनी डोळे पुसले. "किती मोठं मन! म्हाताऱ्या माणसाला वाचवायला स्वतःवर आळ घेतायत."

"अहो मन कसलं, खरं सांगतोय मी!"

"कुणाच्याही सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रडून सांगितलं तरी नाही. तुमचंच वाक्य आहे."

मला वाटलं, निदान मास्तरांना तरी पटेल. ते पुढे आले आणि म्हणाले, "मला ह्यांची दया नको. आधी माझ्या घरात कपाटामागे हात घालत होते, आता एकदम पुळका! ह्यात ह्यांचा काहीतरी डाव आहे."

आयुष्यात पहिल्यांदा मी कळकळीने खरं बोलत होतो आणि एक माणूस मानायला तयार नव्हता! मी सगळ्यांना अक्षरशः ओढत वर नेलं. खुंटी दाखवली. "ही तर खुंटी आहे," शिंपीणबाई म्हणाल्या. मी बर्फ आणला, फडक्यात बांधून खुंटीला लावला आणि म्हटलं, "बसा." बसले सगळे. डॉक्टरीणबाई ठकीच्या बुटक्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून, शिंपीणबाई पलंगाच्या कडेवर, मास्तर खेळण्यांच्या खोक्यावर. ठकीला इतके पाहुणे कधी मिळाले नव्हते. तिने सगळ्यांना रिकाम्या कपांतून चहा दिला, आणि डॉक्टरीणबाई तो घोट घोट प्यायल्याही. मग नळ्यांत गुडगुड झाली. हीटर कोमट झाला, गरम झाला, तापला. कपाळं चमकायला लागली. शेवटी मास्तरांनी मफलर सोडला आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिले. ती नजर मी विसरणार नाही. मी बर्फ काढून घेतला.

डॉक्टरीणबाईंनी पर्समधून कुलूप काढलं.

"ठराव माझाच आहे," मी म्हटलं, "माझी तक्रार नाही. फक्त एवढंच, की मग पोरीला मावशीकडे जावं लागेल." ही येऊन माझ्या शेजारी उभी राहिली.

"किल्ली कुणाकडे राहणार?" मास्तरांनी विचारलं.

आणि जो गोंधळ सुरू झाला! शिंपीणबाईंकडे नको, त्यांना बोटं आखडतात म्हणून ऊब जास्त लागते. डॉक्टरीणबाईंकडे नको, त्यांना पेशंट गारठून गप्प बसलेले हवे असतात. मास्तरांकडे नको, त्यांना सूड घ्यायचा असेल. प्रत्येकाला प्रत्येकाचा डाव दिसत होता. सगळं मीच शिकवलेलं. एवढे चांगले विद्यार्थी मला कधी मिळाले नव्हते.

"माझा ह्या इमारतीत एकाच माणसावर संशय नाही," मास्तर शेवटी म्हणाले आणि त्यांनी ठकीकडे बोट दाखवलं. ठकी डॉक्टरीणबाईंचा कप परत भरत होती.

सगळ्यांना पटलं. नवा ठराव झाला. कुलूप नाही. खोली ठकीच्या ताब्यात. खुंटीला कुणी हात लावायचा नाही. तिच्या आईला येण्याजाण्याची मोकळीक. ठकीच्या वडिलांनी मात्र समितीच्या एका सभासदाला बरोबर घेतल्याशिवाय ह्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. खिडकी मुळात कोण उघडत होतं ते सांगायला मी तोंड उघडलं, पण हिच्याकडे बघून मिटलं. ह्या खेपेला मी एकच हात वर केला.

तेव्हापासून माझी खुर्ची उंबऱ्याबाहेर असते. परवा ही मेव्हणीबाईंकडे गेली होती, त्यांची समजूत घालायला. जेवण झाल्यावर मी उंबऱ्यावरूनच गोष्ट सांगितली. ठकी म्हणाली, "बाबा, जरा मोठ्याने, राक्षस ऐकू येत नाहीये." मी राक्षस मोठा केला. गोष्ट संपायच्या आत ती झोपली. खोली कशी छान गार होती. आणि तिने लाथ मारली, पांघरूण घसरून खाली पडलं.

मी इकडेतिकडे बघितलं. घरात कुणी नाही. बाहेरचं दार बंद. दोन पावलांवर पलंग. कोण बघणार होतं? एक पाय उचललाही. मग वाटलं, हा माणूस आज पांघरूण घालायला आत जातोय, उद्या उकडलं की खिडकी उघडायला जाईल. इतक्या वर्षांत मी ज्या एका माणसाला कधी तपासलं नव्हतं, त्याचा मला पहिल्यांदाच संशय आला. पाय मागे घेतला.

खाली जाऊन मास्तरांची बेल वाजवली. "पांघरूण पडलंय," मी म्हटलं.

"अस्सं," ते म्हणाले. मफलर गुंडाळून, कुरकुरत, एक एक पायरी चढत वर आले. आत शिरून आधी खुंटी बघितली, मग खिडकीची कडी, मग माझे दोन्ही हात. मग "या" म्हणाले. मी आत गेलो. किती दिवसांनी त्या खोलीत पाऊल टाकत होतो! पांघरूण उचललं आणि ठकीच्या अंगावर घालायला वाकलो, तर दुसऱ्या बाजूने कुणीतरी ते धरलं होतं.

"हे टोक मी धरतो," मास्तर कुजबुजले. "तुमच्या एकट्याच्या हातात मी काहीही देणार नाही."